मधलं दार

पोल्ट्रीच्या धंद्यात कोंबडीला कोंबडी म्हणायची रीत नाही, पक्षी म्हणतात. उडता येत नाही, आभाळ दिसत नाही, पिल्लू म्हणून आत टाकल्यापासून ट्रकमध्ये चढेपर्यंत पायाखालचा भुसा बदलत नाही, तरी पक्षी. नाव द्यायला कुणाच्या बापाचं काय जातं?

कमाल परकार अशा पक्ष्यांच्या शेडवर सुपरवायझर होता. मूळचा दाभोळचा. बायको सईदा आणि बारावीतली मुलगी अलिना यांच्याबरोबर आखातात, अबू हलीफात दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहायचा आणि पहाटे कंपनीच्या पिकअपमधून वफ्राच्या पलीकडे कामावर जायचा. तिथे वाळूत पत्र्याच्या लांबलचक शेड रांगेने उभ्या होत्या. खिडकी एकीलाही नव्हती.

शेडची रचना आधी सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आलं. एका टोकाला माणसाहून उंच पंखे. दुसऱ्या टोकाला पाण्याने भिजत ठेवलेल्या जाड पुठ्ठ्यांची भिंत, तिला पॅड म्हणतात. पंखे आतली हवा बाहेर फेकतात, मग बाहेरच्या हवेला त्या ओल्या पॅडमधून आत यावंच लागतं. येताना ती गार होते आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत वाहत जाते. बाहेर डांबर वितळत असलं तरी आत पक्षी तग धरतो. अट एकच, मधे कुठे फट नको. पण शेडच्या मध्यावर सामान आतबाहेर करायला एक सरकतं दार असतं. ते उघडं राहिलं की पंखे ऐदी माणसासारखे जवळची हवा ओढत बसतात आणि पॅडकडची हवा जागच्या जागी थांबते. तिथला पक्षी गुदमरून मरतो. म्हणून दार उघडायचं ते फक्त वीज जाऊन पंखे थांबले तर, आणि पंखे पुन्हा फिरले की लगेच लावायचं. प्रत्येक मधल्या दारावर कमालने स्वतःच्या हाताने, लाल रंगात, हिंदीत आणि मोडक्या अरबीत लिहून ठेवलं होतं: पंखा चालू, दरवाजा बंद. नवीन आलेल्या बंगाली पोरांकडून तो हे कलम्यासारखं घोकून घ्यायचा.

कामात असा चोख माणूस, पण घरात त्याच्या कामाला काडीची किंमत नव्हती. दोन वर्षांपूर्वी अलिनाने शाळेच्या प्रोजेक्टसाठी शेड बघायचा हट्ट धरला. कमालला तेवढंच अप्रूप वाटलं. त्याने मॅनेजरची परवानगी काढली आणि मिरवत मिरवत पोरीला घेऊन गेला. ती दारात उभी राहिली आणि आत बघत राहिली. भुसा दिसत नव्हता, नुसते पांढरे पक्षी, एकमेकांना चिकटून, काहींना स्वतःचं वजन पेलवत नव्हतं म्हणून बसलेले, चोच उघडून. त्या दिवसापासून तिने कोंबडी खाणं सोडलं. कंपनी दर गुरुवारी स्टाफला कोंबड्या द्यायची. सईदा त्यांचा रस्सा करायची आणि अलिना समोर बसून डाळभात खायची. बापाशी कडकडून भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती फक्त त्याच्या ताटाकडे बघायची नाही, आणि त्याच्याकडेही सरळ बघायची नाही.

एकदाच बोलली, आणि ते कमालच्या जिव्हारी लागलं.

"अब्बा, गावाला कुर्बानीच्या वेळी तुम्ही मला काय शिकवलं होतं?"

"काय शिकवला?"

"आधी बकऱ्याला पाणी पाज. सुरी त्याला दिसू देऊ नको. एकासमोर दुसऱ्याला कापायचं नाही."

"मग? इथे काय मी कापतंय?"

"नाही. इथे तुम्ही त्यांना जगवता. दॅट्स वर्स."

खरं तर ते कमाललाही कळत होतं. पहिल्या वर्षी तो शेडमध्ये मान खाली घालून शिरायचा. मग ती सवय मोडली, आणि ती मोडल्याची त्याला मनातून लाज वाटायची. त्यातून गेल्या हिवाळ्यापासून कंपनीने प्रत्येक शेडमध्ये आधीपेक्षा जास्त पिल्लं टाकायला सुरुवात केली होती. बाजारात भाव चढा होता. मरतूक वाढली तरी हिशोब फायद्याचाच निघत होता, आणि सकाळी मेलेले पक्षी बादल्या भरभरून बाहेर काढणं हे कमालच्या माणसांचं काम होतं.

मे महिन्यात अलिनाने मोबाइल त्याच्यापुढे धरला. इथे कायदा आहे, ती म्हणाली. जनावर पाळणाऱ्याने त्याला पुरेशी जागा, हवा, पाणी द्यायचं, हाल होतील असं ठेवायचं नाही. कोंबड्यासुद्धा त्यात आल्या.

"इट्स द लॉ, अब्बा."

परदेशात पोट भरणाऱ्या माणसाला कायदा म्हणजे राहायचा परवाना, म्हणजेच इकामा, सिव्हिल आयडी आणि गाडीचा दंड. कायदा माणसाच्या मागे लागतो, हे कमालला पक्कं ठाऊक होतं. तो कोंबडीच्या बाजूनेही उभा राहतो, हे ऐकून आधी त्याला हसू आलं, आणि मग ते पोरीच्या चेहऱ्याकडे बघून गिळावं लागलं. चार दिवस तो रोजच्यासारखा कामावर गेला. पाचव्या दिवशी त्याने शेडचे फोटो काढून आणले आणि अलिनाने ते संबंधित सरकारी कचेरीकडे पाठवले. नाव कुणाचंच घातलं नाही.

"इकामा गेला तर काय करशील?" सईदाने विचारलं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "पोरीची बारावी हाय. तुला काय पडलाय कोंबड्यांचा?"

"कोंबड्यांचा नाय पडलेला," कमाल म्हणाला. त्याला पडलं होतं ते पोरीचं. ही कधीतरी पुन्हा आपल्याकडे मान वर करून बघेल, एवढीच त्याची मागणी होती. त्या संध्याकाळी अलिनाने आपण होऊन त्याला चहा करून दिला आणि शेजारी बसून अर्धा कप स्वतःही प्यायली. कमालला तेवढ्याने कायद्याचं राज्य आल्यासारखं वाटलं.

जूनच्या शेवटी त्या सरकारी कचेरीतून कंपनीला फोन आला. मुफत्तिश, म्हणजे तपासणी अधिकारी, उद्या सकाळी येतोय. चोराच्या घरी धाड घालताना पोलीस आदल्या दिवशी फोन करत नाहीत, पण पोल्ट्रीची तऱ्हा वेगळी असते.

मॅनेजर होते चंद्रहास देवरे, नाशिकचे. शिकलेले, मऊ बोलणारे, कधी कुणावर आवाज न चढवणारे. कमालशी ते मराठीत बोलायचे आणि दिवाळीला त्याच्या घरी चिवडा पाठवायचे. त्यांनी सगळ्यांना बोलावलं.

"कुणीतरी तक्रार केलीय. कोणी, ते मी शोधत बसणार नाही. आपल्याला फक्त पहिल्या दोन शेड दाखवायच्यात. त्यातले जास्तीचे पक्षी मागच्या सहा नंबरमध्ये हलवा. दुपारी परत आणू."

"साहेब, सहा नंबर आधीच भरलेली आहे," कमाल म्हणाला.

"चार तासांचा प्रश्न आहे, कमालभाई."

"या उन्हात चार तास म्हणजे..."

"म्हणून तर तुम्हाला तिथे ठेवतोय. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही."

असं म्हटल्यावर माणूस काय बोलणार? उजाडायच्या आत क्रेट भरभरून पक्षी हलवले. आपणच कायदा बोलावला आणि तो यायच्या आधी आपणच त्याची जागा साफ करतोय, हे कमालला कळत होतं. पण मुफत्तिश आला की त्याला गाठून मागची शेड दाखवायची, असं त्याने मनाशी धरलं होतं. मोडकी का होईना, अरबी येत होती. तेवढ्या एका आशेवर तो क्रेट उचलत राहिला.

सकाळी सहा नंबरमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पक्षी पक्ष्यांवर बसले होते. अमोनियाने डोळे चुरचुरत होते. पंखे जीव तोडून फिरत होते, पण आत धाप लागल्याचा एकच आवाज भरून राहिला होता. कमाल बाहेर मधल्या दारापाशी उभा राहून पुढच्या शेडकडे नजर लावून होता. मुफत्तिशची पांढरी गाडी आली. देवरे साहेब हसत पुढे झाले. मंडळी पहिल्या शेडमध्ये गेली.

तेवढ्यात पंख्यांचा घरघराट बसला. वीज गेली होती.

कमालने क्षणभरही न दवडता मधलं दार सरकवलं. नियमच होता तसा. आतली वाफ त्याच्या तोंडावर आली आणि दारालगतचे पक्षी प्रकाशाकडे वळले. जनरेटर खोकला, थांबला, पुन्हा खोकला आणि सुरू झाला. पंखे फिरू लागले. आता दार लावायचं. कमालने हात घातला.

दारात काही पक्षी उंबऱ्यापाशी येऊन उभे होते. पंखे दारातून हवा ओढत होते, ती झुळूक त्यांच्या अंगावरून जात होती. गरमच होती, पण वारा होता. पिसं हलत होती. एका कोंबडीने मान लांब केली, डोळे बारीक केले आणि एक पंख पूर्ण पसरला, पायही मागे ताणला, जसं कुणी झोपेतून उठून अंग मोडतं. कमालने इतक्या वर्षांत लाखो पक्षी ट्रकमध्ये चढवले, पण शेडमध्ये पंख पसरलेला पक्षी त्याने पाहिला नव्हता. पसरायला जागाच नसायची.

दाभोळला उकाडा वाढला की खुराड्याचं दार उघडायचं, हे पोरवयापासून हातात बसलेलं. दार लावायचं हे इथे येऊन शिकलेलं. त्या वेळी हाताने आधीचं ऐकलं. थोडा वेळ, कमाल स्वतःशी म्हणाला. दोन घोट घेऊ देत वाऱ्याचे. त्याने खिशातून मोबाइल काढला आणि त्या कोंबडीचा व्हिडिओ घेऊन अलिनाला पाठवला. लगेच उत्तर आलं: 'अब्बा, यू ओपन्ड द डोअर.' खाली लाल बदाम. कमालने तो बदाम बघितला आणि त्याचे डोळे भरून आले. दाराला हात टेकून तो उभा राहिला. त्याच्याच अक्षरातला तो लाल मजकूर सरकवलेल्या दारावर होता, भिंतीआड गेलेला.

किती वेळ गेला ते त्याला नंतर सांगता येईना. पॅडकडच्या बाजूने काम करणारा ओवैस धावत आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक होता.

"भाई, उधर सब गिर गये."

पॅडकडच्या अर्ध्या शेडमध्ये धाप लागल्याचा आवाज थांबला होता. पक्षी ढिगाने पडले होते, चोची उघड्या, पंख अर्धवट पसरलेले. वरचे मेलेले, खालचे चिरडून मेलेले. जिवंत होते ते भिंतीवर चढायला बघत होते. कमालने धावत जाऊन दार लावलं, हवा पुन्हा पॅडमधून वाहू लागली आणि मेलेल्यांवरून गार वारा जाऊ लागला.

ओरडा ऐकून मुफत्तिशच मागे आला. देवरे साहेबांनी त्याला अडवायचा प्रयत्न केला, पण तो तरुण होता आणि प्रामाणिक होता, असं मानायला जागा आहे. त्याने नाकाला रुमाल लावून सगळी शेड पाहिली. कमालच्या मनात त्या अवस्थेतही आलं, आता तरी बघेल. आता कुणी लपवू शकत नाही.

"इतके पक्षी एका ठिकाणी कसे?" मुफत्तिशने विचारलं.

"दार उघडं राहिलं म्हणून," देवरे साहेब शांतपणे म्हणाले. "गोंधळले की पक्षी एका टोकाला धावतात."

कमाल पुढे झाला. दुसऱ्या शेडमधून आणले, पहाटे आणले, तुम्ही येणार म्हणून आणले, असं त्याने सांगितलं. अरबी अडखळली तिथे हातांनी सांगितलं. मुफत्तिशने देवरे साहेबांकडे पाहिलं. साहेब हळू आवाजात म्हणाले, "घाबरलाय बिचारा." मुफत्तिशने मग पुढच्या दोन शेडकडे बोट केलं. तिथे तर मोकळी जागा त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. आणि इथे सरकत्या दारावर लाल रंगात लिहिलेलं होतं, तेही त्याने वाचलं.

"मनु अल-मसूल?" त्याने विचारलं. जबाबदार कोण?

कुणी कमालकडे बोट दाखवलं नाही. दाखवायची गरजच नव्हती.

"दार कोणी उघडलं?"

"मी."

"पंखे सुरू झाल्यावरही उघडं होतं?"

इथे खोटं बोलता आलं असतं. जनरेटर उशिरा लागला म्हणायचं, ओवैसलाही तेच सांगायला लावायचं. पण ढिगाऱ्यात एक पक्षी अजून पाय झाडत होता आणि कमालची नजर तिथे खिळली होती.

"हो," तो म्हणाला.

कायद्यात निष्काळजीपणाने जनावराचा जीव घेणाऱ्याला शिक्षा होती. अलिनाने वाचून दाखवलं होतं, तेव्हा ते कलम दोघांनाही आवडलं होतं. त्या कलमाखाली कमाल परकारवर केस झाली. कंपनीच्या पहिल्या दोन शेडबद्दल अहवालात चांगलं लिहून आलं. कंपनीने हात झटकले. आमच्या सूचना दारावर लिहिलेल्या होत्या, कामगाराने त्या पाळल्या नाहीत, हे काही खोटं नव्हतं. इकामा रद्द करायची तयारी सुरू झाली. केस मिटली की परत पाठवणार, आणि पुन्हा इथे पाऊल ठेवता येणार नाही.

सामान न्यायला गेला तेव्हा देवरे साहेब त्याला गेटपर्यंत सोडायला आले.

"मला वाईट वाटतंय, कमालभाई. खरंच वाटतंय. मी खरं बोललो असतो तर मला काढलं असतं, आणि माझ्या जागी येणाऱ्याने याहून जास्त भरले असते."

"याहून जास्त मावत नाहीत, साहेब."

"मावतात," देवरे म्हणाले. सहा नंबर तोवर धुऊन, नवा भुसा टाकून तयार झाली होती आणि पिल्लांचा ट्रक गेटबाहेर उभा होता. मधल्या दाराला कुलूप बसवलं होतं. किल्ली ऑफिसात राहणार होती. म्हणजे आता वीज गेली की दार उघडायला माणूस ऑफिसात धावणार, हे कमालच्या ध्यानात आलं. सांगावं असं वाटलं, पण सांगून ऐकणारं तिथे कोणी नव्हतं.

घरी सईदा कपाटं रिकामी करत होती. तिने एकदाही त्याला दोष दिला नाही, आणि त्याला तेच सोसत नव्हतं. अलिना टेबलाशी मोबाइल घेऊन बसली होती. रडून तिचे डोळे सुजले होते, पण आवाज ठाम होता. तिने त्याला शेजारी बसवलं आणि त्याचा हात हातात घेतला. दोन वर्षांत पहिल्यांदा ती त्याच्याकडे सरळ बघत होती.

"अब्बा, आय ॲम प्राऊड ऑफ यू. तुम्ही दार उघडलं. बाकी कुणी उघडलं असतं? हा व्हिडिओ मी त्या सरकारी ऑफिसला पाठवतेय. केसमध्ये दाखवू देत. त्यांना कळेल तुम्ही कसे आहात."

तिने व्हिडिओ लावला. ती कोंबडी दारात उभी होती. मान लांब, डोळे बारीक.

इतके दिवस तो याच नजरेसाठी झुरला होता. गप्प बसला असता तर ती नजर आयुष्यभर त्याची राहिली असती. गावाला जाऊन, मोठी होऊन, पोरांना तिने सांगितलं असतं, माझ्या अब्बांनी दार उघडलं. कमालने डोळे मिटले.

"पाठवू नको," तो म्हणाला.

"का?"

"आवाज मोठा कर. ऐक."

तिने आवाज वाढवला. घरघर खोलीत भरली.

"हे काय आहे?"

"पंखे. पंखे सुरू होते, अलिना. पंखे सुरू असताना दार उघडा ठेवला की पलीकडचे मरतात. मला माहीत होता. दारावर मीच लिवलेला हाय. ही वारा खात होती तेव्हा तिकडे ते मरत होते, आणि मी तुला व्हिडिओ पाठवत होतो."

अलिनाचा हात त्याच्या हातातच होता, पण त्यातला जोर गेला होता.

"म्हणजे दार बंद ठेवायला हवं होतं?" तिने विचारलं.

"हो."

"सगळ्यांना आत ठेवून?"

"हो."

"आणि ते राइट झालं असतं?"

त्या शेडमध्ये माणसाने बरं वागायचं म्हटलं तर दारच बंद ठेवावं लागतं, तशीच ती बांधलेली आहे, हे कमालने पोरीला कुठल्या तोंडाने सांगायचं? आतून सईदाने विचारलं, अलिनाची शाळेची पुस्तकं बांधायची की इथेच कुणाला द्यायची. अलिनाने हलकेच हात सोडवून घेतला, आवाज पूर्ण बंद केला आणि व्हिडिओ पुन्हा सुरुवातीपासून लावला.